धुरपतेच्या पोटातलं पाणी

शिवमूर्ती अप्पांच्या अंगणात, लिंबाखाली जी पांढरी डिझेल गाडी उभी असते, तिला सारं गाव धुरपता म्हणतं. नाव ठेवणाऱ्याने फार डोकं चालवलेलं नाही. गाडी चालू झाली की मागून असा धूर निघतो की शेजारच्या भुजंगला दोरीवरचे कपडे पुन्हा धुवायला टाकावे लागतात. उदगीरच्या एका डॉक्टरने वापरून सोडलेली ही गाडी अप्पांनी घेतली तेव्हा त्यांची सुकन्या बालवाडीत जात होती. आता सुकन्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. गाडी मात्र तीच होती, अप्पाही तेच होते, आणि सकाळच्या थंडीत दोघांची खोकण्याची तऱ्हाही एकच होती.

अप्पांची बायको महादेवी अव्वा गाडीला धुरपता म्हणत नसत. त्या तिला सवत म्हणत. अव्वांचं माहेर भालकीकडचं, त्यामुळे राग आला की अर्धं कानडी आणि अर्धं मराठी असं दुहेरी शस्त्र त्यांच्याकडे असे. “सवतीच्या अंगाला लागलेला हात माझ्या चुलीला लावू नका,” हे तर रोजचंच. गाडीत बसायची वेळ आली तरी त्या पुढच्या सीटवर बसत नसत. “तिच्या मांडीवर मी न्हाई बसनार,” म्हणत आणि मागे, खिडकीला डोकं टेकून बसत. गाडीचा रेडिएटर कित्येक वर्षांपासून थेंब थेंब गळायचा. अप्पा डिकीत पाण्याची बाटली ठेवायचे आणि “म्हातारीला घाम येतो, त्याला काय करायचं?” म्हणून तो विषय टाळायचे.

तर यंदा येळवस तोंडावर आली आणि धुरपता बसली. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडे घरांना कुलपं लागतात आणि सगळी माणसं शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील डोक्यावर घेऊन रानात जातात. माहेरवाशिणीला त्या दिवशी रानात आणलं नाही तर बापाला वर्षभर बोल लागतो. सुकन्या किल्लारीला दिलेली. तिचा फोन आला.

“अप्पा, कधी येताव न्यायला?”

“येळवशीच्या आदल्या दिवशी येतो बघ.”

“आपल्याच गाडीत या हं. दुसऱ्या गाडीत बसलं की मला मळमळायलंय. त्यो सेंटचा वास नको वाटतंय. आपल्या गाडीत डिझेलचा वास येतंय, त्यो चालतंय मला.”

अप्पांचा ऊर भरून आला. डोहाळे म्हणून कुणी चिंच मागतं, कुणी माती खातं. त्यांच्या पोरीला धुरपतेचा वास हवा होता.

लातूरला नोकरी करणाऱ्या वीरेशचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, फोन त्यामागोमाग आला. त्याला डोहाळ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

“अप्पा, मी भाड्यानं गाडी लावतो. पोटुशी बाई हाय ती, रस्त्यात बंद पडली म्हंजे? आन येळवस झाली की त्यो डबा काढून टाकू. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय मी.”

“आन चालू झाली तर?”

“चालू झाली, सुकन्याला घेऊन नीट घरी आली, तर मी परत भंगाराचं नाव काढनार न्हाई. पर व्हनार न्हाई अप्पा. खामखा जिवाला तरास करून घेऊ नका.”

अप्पांनी फोन खिशात घातला, धोतर खोचलं आणि पान्यांची पेटी काढली.

भुजंग आपण होऊनच आला. तो पूर्वी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर होता. त्याचं ज्ञान वीतभर आणि सल्ला हातभर, पण माणूस मायेचा. त्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं, तंबाखूची चिमूट दाढेत सरकवली आणि निकाल दिला, “शिवप्पा, एअर धरलीय.”

डिझेलच्या नळीत हवा शिरली की गाडी चालत नाही, हे खरं. अप्पांनी फिल्टरवरचा नट सैल केला. भुजंग खालच्या छोट्या पंपाचा खटका अंगठ्याने दाबू लागला. फसफस करत फेस आला, मग डिझेलची धार आली. नट आवळला, किल्ली फिरवली. धुरपता थरथरली, चालू झाली, तोंडभर धूर सोडला आणि घोट अडकलेल्या माणसासारखी ठसकून बंद पडली.

पुन्हा नट सैल, पुन्हा पंप, पुन्हा तोच ठसका. दुपारपर्यंत भुजंगचा अंगठा सुजला. अप्पांचे हात कोपरापर्यंत काळे झाले आणि नट निसटून बोटाची साल गेली. फिल्टर धुवायला भांडं हवं म्हणून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. अव्वा मागच्या दारी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. तेवढ्यात अप्पांनी स्वयंपाकघरातून मोठी परात पळवली.

ती नेमकी भज्जीची परात. अव्वा बाहेर आल्या तर परातीत डिझेल आणि डिझेलमध्ये फिल्टर.

“अय्यो शिवने! साकु! पुरे झालं आता!” अव्वांनी कपाळावर हात मारला. “येळवशीची भज्जी कशात करू मी? ह्या सवतीच्या बोडक्यात?”

“धुवून देतो की.”

“धुवून? मागल्या खेपेला तांब्या धुवून दिला, सहा महिने ताकाला वास येऊन राहिला. द्या तिला भंगारात. सुटंन मी एकदाची.”

भुजंगने मान फिरवून हसू लपवलं. अप्पांनी फिल्टर घुसळत ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कोणत्या वेळी गप्प राहायचं, एवढं त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वांची पूजा आटोपली. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन, भस्म लावून, बेल वाहून त्या रोज पूजा करतात आणि त्यावरून उतरलेलं तीर्थ घरात सगळ्यांना देतात. अप्पांनी हात पुढे केला. नखांत काळं, रेषांत काळं. साबणाने तीनदा धुतलेला हात होता, तरी अव्वांनी नाक मुरडलं. पळीतून तीर्थ देताना एक थेंब फरशीवर पडला. अव्वा लगेच वाकल्या, बोटाने तो टिपला आणि डोळ्यांना लावला.

“सांडू नका ओ. पायदळी येऊ नये ते.”

“एक थेंब तर हुता.”

“थेंब काय आन घागर काय. तीर्थ हाय.”

अप्पांनी तीर्थ प्यायलं. त्यालाही डिझेलची चव लागली, पण हे त्यांनी सांगितलं नाही.

मग ते अंगणात गेले. आज हवेचा नाद सोडायचा ठरवला होता. टाकीत नळी घालून, तोंडाने ओढून त्यांनी तळाचं डिझेल काढलं. ओढताना अंदाज चुकला आणि एक घोट पोटात गेला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. भुजंगने पाठ चोळली. काढलेलं डिझेल काचेच्या बाटलीत भरून दोघं ओट्यावर बसले. थोड्या वेळाने बाटलीत दोन थर दिसू लागले. वर पिवळं डिझेल, खाली गढूळ पाणी.

“पानी!” भुजंग उभा राहिला. “शिवप्पा, डिझेलमधी पानी हाय! म्हनून ठसका लागायलाय तिला.”

अप्पांचं डोकं फिरलं. ते बाटली घेऊन घरात शिरले.

“टाकीत कुनी पानी टाकलं? तू टाकलीस का?”

अव्वा ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली आणि सरळ नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. “मी कामून टाकू पानी? लिंगाची आन, पान्याचा थेंब न्हाई टाकला मी तुमच्या गाडीत.”

अव्वा खोटं बोलत नाहीत, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. खोटं बोलायला लागणारा संयमच त्यांच्याकडे नाही. म्हणजे उरला तो डिझेलचा पंप.

अप्पा भुजंगच्या मोटारसायकलवर मागे बसून सडकेवरच्या पंपावर गेले. हातात बाटली, अंगात तेलकट बंडी, पायात एकच धड चप्पल. पंपावरच्या अंगदला त्यांनी चार गिऱ्हाइकांसमोर धारेवर धरलं. “पानी विकून राहिलाव का रे? माजी गाडी मारलाव तुमी. माजी लेक यायचीय!”

अंगद उठला. त्याने लांब सळईला तपासायचा मलम लावला, ती जमिनीतल्या टाकीत सोडली आणि वर काढून सगळ्यांना दाखवली. पाणी असतं तर मलमाचा रंग बदलला असता. रंग जसाच्या तसा होता. मग त्याने काचेच्या नळकांड्यात डिझेल भरून अप्पांच्या हातात दिलं. स्वच्छ, पिवळंधमक.

“आता बोला, अप्पा.”

अप्पांनी नळकांडं परत दिलं. ट्रॅक्टरवर बसलेला एक जण म्हणाला, “गाडीचं वय झालंय ओ, अप्पा. म्हातारपनी पानी सुटतंयच!” सगळे हसले. भुजंगलाही हसू आवरेना, पण त्याने खोकल्याचं निमित्त केलं. अप्पा बाटली बंडीखाली धरून परत आले. जेवताना त्यांनी भाकरीचा चतकोर तसाच ठेवला. अव्वांनी तो पाहिला आणि पहिल्यांदाच सवतीबद्दल काही बोलल्या नाहीत.

उरला एकच उपाय, टाकी खाली उतरवायची. चौदाचा पाना घेऊन अप्पा गाडीखाली पाठीवर सरपटले. या वयात गाडीखाली शिरणं सोपं, निघणं अवघड. खालची माती गार होती, कंबर आखडली. गंजलेले बोल्ट हलेनात. भुजंगने रॉकेलचं फडकं दिलं, ते लावून वाट पाहायची, मग हिसका द्यायचा, असं करता करता ऊन कललं. शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा गंजाचा पापुद्रा थेट अप्पांच्या डोळ्यात पडला.

ओरडणं ऐकून अव्वा धावत आल्या. त्यांनी अप्पांना पाय धरून बाहेर ओढलं, भिंतीशी बसवलं, पापणी उलटी केली आणि पदराच्या टोकाने कण काढला. मग पदर तोंडाजवळ धरून फुंकर घालून तो गरम केला आणि डोळ्यावर दाबून धरला. पदराला भस्माचा वास होता.

“डोळा घालवून बसताव एखांद्या दिवशी,” त्या म्हणाल्या. आवाज चढा होता, पण हात हलत नव्हता. “लेकराला बघायला ठेवा की एक तरी.”

“दिसायलंय मला.”

“काय दिसायलंय?”

“तूच दिसायलीस.”

“हो, मोठं नवल,” म्हणत अव्वा उठल्या. आत जाताना मात्र त्यांनी पदराने स्वतःचेही डोळे पुसले.

भुजंग घरी चहा प्यायला गेला होता. अप्पांनी एकट्याने टाकी कलती करून घमेल्यात ओतली. आधी डिझेल आलं. मग गढूळ पाणी. मग पांढुरका गाळ आला, आणि त्या गाळाबरोबर घमेल्याच्या काठाला काहीतरी चिकटलं.

अप्पांनी ते चिमटीत धरून उचललं. बेलाचं पान होतं. डिझेलात मुरून काळं पडलेलं, पण तिन्ही दळं शाबूत.

त्यांनी गाळ बोटाने चोळून पाहिला. भस्म. मऊ, बारीक, रोज कपाळावर लावायचं तेच.

अप्पा घमेल्याशेजारी मातीत बसून राहिले. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांना आठवली. लातूरहून एकटेच गाडी चालवत येताना नळेगावच्या अलीकडे त्यांच्या छातीत कळ आली होती. गाडी कशीबशी कडेला घेतली आणि एका ट्रकवाल्याने दवाखान्यात पोचवलं. घरी परत आले तेव्हा अव्वा रडल्या नव्हत्या, भांडल्याही नव्हत्या. फक्त गाडीभोवती एक चक्कर मारून आत गेल्या होत्या. त्यानंतर दर सोमवारी टाकीचं झाकण जरा वाकडं बसलेलं दिसायचं. अप्पांना वाटायचं, गल्लीतली पोरं खोड्या करतात.

पोरं कसली! दर सोमवारी पळीभर तीर्थ. बॉनेट जड, ते बाईमाणसाला एकटीने उचलत नाही. हाताला लागणारं तोंड एकच, टाकीचं. आणि लिंगाची शपथ तरी खोटी कुठं होती? अव्वांच्या लेखी तीर्थ म्हणजे पाणी नव्हतंच.

अप्पांना हसू आलं आणि त्यांनी बेलाचं पान बंडीला पुसलं. तोंडाने सवत म्हणायचं आणि चोरून तिला तीर्थ पाजायचं. कशासाठी, तर नवऱ्याला ती नीट घरी आणून सोडेल म्हणून. या बाईचं आपण कधी काही ओळखलंच नाही, असं त्यांना वाटलं.

भुजंग परत आला. “काय निगालं, शिवप्पा?”

अप्पांनी पान बंडीच्या खिशात सरकवलं. “काय न्हाई. झाकन ढिलं हुतं. दव पडून पडून पानी साचलं.”

“एवढं दव?”

“दोन वर्साचं हाय. धर ही नळी.”

मग काम सरळ झालं. टाकी डिझेलने खळबळून धुतली. अव्वांच्या जुन्या सुती लुगड्याचा दुहेरी पदर करून नवं डिझेल गाळून भरलं. नोझलं काढून पुसली, फिल्टर नवा घातला. भुजंगच्या सुजल्या अंगठ्याऐवजी अप्पांनी आपला अंगठा लावला. हवा निघाली, नट आवळला, किल्ली फिरली. धुरपता खोकली, थरथरली आणि चालू राहिली. चालूच राहिली. अंगणभर धूर झाला, लिंबावरचे कावळे उडाले आणि भुजंगची बायको दीपाली भिंतीपलीकडून ओरडली, “कपडे! माझे कपडे!”

दारात अव्वा उभ्या होत्या. “मेली उठली का?” त्या म्हणाल्या, आणि तोंड फिरवून आत गेल्या. तोंड फिरवायला जरासा उशीरच झाला, त्यामुळे त्यांचं हसू अप्पांना दिसलं.

किल्लारीला निघायचा दिवस सोमवार होता. सकाळी अप्पा मुद्दाम गाडीखाली जाऊन झोपले. पूजा आटोपल्यावर अव्वांचे पाय आले. टाचांना भेगा, बोटांत जोडवी. पाय टाकीपाशी थांबले आणि झाकणाची साखळी किणकिणली.

“थांब गं,” अप्पा खालून म्हणाले.

जोडवी जागीच गोठली. अप्पा कण्हत कण्हत बाहेर आले. अव्वांच्या हातात गडू होता, गडूत पळी. पकडल्या गेलेल्या माणसाचा चेहरा अव्वांना करता येत नाही, म्हणून त्यांनी रागाचा केला. “काय, बघताव काय? तुमची सवारी निघाली म्हनून घालायले दोन थेंब.”

“घाल की. पर तिथं न्हाई.” अप्पांनी बॉनेट उचललं आणि रेडिएटरचं झाकण फिरवून काढलं. “हितं घाल.”

“हितं कामून?”

“तिथं घातल्यालं जळून जातंय. हितं घातलं की सगळ्या अंगातून फिरतंय.”

अव्वांनी जरा विचार केला. तीर्थ जळण्यापेक्षा फिरणं बरं, हे त्यांना पटलं. त्यांनी डोळे मिटून सगळा गडू रेडिएटरमध्ये ओतला.

“मागं बसतीस का?” अप्पांनी विचारलं.

“लेकीला आनायला चाललाव. पुढं बसते आज,” अव्वा म्हणाल्या आणि पदर सावरून पहिल्यांदाच सवतीच्या मांडीवर बसल्या.

पंप आला तसा अप्पांनी गाडी आत घेतली. डिझेल नको होतं. ते उतरून अंगदपाशी गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले, “बाबा, चूक माजी झाली. पानी तुमचं नव्हतं. आमच्याच घरचं हुतं. मनात धरू नकु.” अंगदने हात जोडले. “जाऊ द्या, अप्पा. लेकीला घेऊन या नीट.”

काच खाली होती. अव्वांनी सगळं ऐकलं. गाडी सडकेला लागली. दोन्ही बाजूंना पोटऱ्यात आलेली ज्वारी, हरभऱ्यावर दव. अव्वा पदराच्या टोकाला पीळ देत बसल्या. मग समोर बघतच म्हणाल्या, “आमच्याच घरचं म्हंजे? म्हंजे मीच बंद पाडलं की हिला.”

अप्पांनी एका खड्ड्याला वळसा घालून गाडी काढली.

“लोकांत हसू झालं तुमचं माज्यापायी. डोळा जात हुता. तोंडानं डिझेल प्यालाव.” अव्वा बोटांवर मोजत होत्या. “दोन वर्सं मी पानी घालत बसले.”

“तू पानी कुठं घातलीस?” अप्पा म्हणाले. “तीर्थ घातलीस. आन ते लागलं बी. बग की, मी हाय की हितं.”

अव्वांनी खिडकीकडे तोंड केलं आणि पदर तोंडाला लावला. एक हात मात्र त्यांनी गिअरवरच्या काळ्या, साल निघालेल्या हातावर ठेवला. पुढच्या गावी गिअर बदलावा लागेपर्यंत तो तिथेच होता.

सुकन्या आली. पुढच्या सीटवर बसून तिने खोल श्वास घेतला आणि म्हणाली, “हां, आता बरं वाटलं.” वीरेशचा फोन आला तेव्हा अप्पांनी तो न बोलता इंजिनजवळ धरला. मग वीरेश म्हणाला, “बरं, अप्पा. सांगतो भंगारवाल्याला.”

दुसऱ्या दिवशी येळवस. धुरपता सगळ्यांना घेऊन रानात गेली. कडबा उभा करून केलेल्या कोपीत, त्या खोपटात, पाच दगडांच्या पांडवांची पूजा झाली. भज्जी त्याच परातीत होती, आणि तिला वास येतो का हे विचारायची कुणाची छाती नव्हती. जेवण झाल्यावर सुकन्या पोट सांभाळत गाडीच्या सावलीला बसायला निघाली आणि थबकली.

“अप्पा, गाडी पुढून गळायलीय ओ.”

“गळू दे. म्हातारीला घाम येतंय,” अप्पा सवयीने म्हणाले.

आंबील वाढणाऱ्या अव्वा ताडकन उठल्या. त्यांनी हातातली वाटी रिकामी केली, पदराने पुसली आणि गुडघे टेकून, वाकून ती नेमकी रेडिएटरखाली ठेवली. थेंब वाटीत टप्पकन पडला.

“अव्वा, हे काय?” सुकन्या बघतच राहिली.

“पायदळी येऊ नये ते,” अव्वा म्हणाल्या. मग अप्पांकडे वळल्या. “आन तुमी. उद्याच्याला ही गळती बंद करायची. समजलं का? कित्येक वर्साची हाय ती.”

“करतो की,” अप्पा म्हणाले. “परात दे.”